नव्या वेबसाईटला पैसे आहेत, मजकुराला नाहीत

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

वार्षिक सभांचे दिवस आलेत. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी कुठंही बघा, पतसंस्थांना मार्चचा हिशोब मांडून सप्टेंबर संपायच्या आत सभा घ्यायचीच असते, शिक्षण संस्था आणि वाचनालयं पण साधारण याच सुमाराला उरकून घेतात, आणि यंदा माझ्या हातात आलेल्या दोन-तीन अहवालांत एक नवी ओळ दिसली, 'संस्थेच्या वेबसाईटचे नूतनीकरण', पुढं रक्कम. सभासद हात वर करतात, मंजूर मंजूर म्हणतात, चहा-चिवडा होतो, विषय संपला. त्या रकमेत काय काय बसतंय हे कुणी विचारत नाही. मी विचारलं एका ठिकाणी. डिझाईन, होस्टिंग (साईट ठेवायची भाड्याची जागा), डोमेन (साईटचा पत्ता), नवीन सिस्टीम (साईटवर मजकूर टाकायचं, सांभाळायचं सॉफ्टवेअर) बसवणं, एक दिवसाचं ट्रेनिंग आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. मजकुराचं काय, तर म्हणाले तो आहे की जुन्या साईटवर, तोच उचलून टाकायचा.

हे 'उचलून टाकायचं' काम मी करते, म्हणून हे पत्र. शहापुरात बरीच वर्षं डीटीपी आणि मुद्रितशोधन, पूर्वी लग्नपत्रिका, स्मरणिका, अहवाल, आता त्यातलंच काम वेबसाईटचं म्हणून येतं. येतं कधी, तर सगळे पैसे संपल्यावर. "मॅडम साईट तयार आहे, फक्त मजकूर राहिलाय, पुढच्या रविवारी उद्घाटन आहे, पाहुणे ठरलेत." हा 'फक्त' फार महागात पडतो हो.

पहिल्यांदा हे समजून घ्या की सिस्टीम बहुतेक वेळा फुकटच असते. वर्डप्रेस, द्रुपल, जूमला, तिन्ही मोफत मिळतात, लायसनचे पैसे नाहीत. पैसे जातात ते ती बसवणाऱ्याला आणि तिचं रूप घडवणाऱ्याला, आणि ते जायलाच पाहिजेत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. बदलायची वेळ पण खरोखर आलेली असते, द्रुपल ७ चा अधिकृत सपोर्ट ५ जानेवारी २०२५ ला संपला, जूमला ३ चा त्याआधीच ऑगस्ट २०२३ मध्ये, म्हणजे त्यावरच्या साईटला नवीन सुरक्षा दुरुस्त्या अधिकृतपणे येत नाहीत, कधी कोण घुसेल सांगता येत नाही. तेव्हा बदला, जरूर बदला. पण कोटेशनच्या अगदी तळाला बारीक अक्षरात एक ओळ असते ती वाचा, 'कंटेंट क्लायंटने पुरवायचा आहे'. कधी त्याच्या जोडीला 'पहिली २५ पाने टाकून देऊ' असंही असतं. बाकीची? ती तुमची तुम्ही बघा. कोटेशन देणारा फसवत नाही, त्यानं लिहूनच दिलेलं असतंय, आपण वाचत नाही एवढंच.

स्मरणिका काढताना आपल्याकडं असं कधी होत नव्हतं बघा. प्रेसचं कोटेशन आलं की त्यात टाईपसेटिंग वेगळं, प्रूफ वाचणं वेगळं, कागद, छपाई, बाइंडिंग सगळं वेगवेगळं मांडलेलं, आणि संपादक मंडळ वर्षभर आधीपासून लेख गोळा करत बसलेलं असायचं. मशीन चांगलं आहे म्हणून लेख आपोआप छापून येतील असं कुणाला वाटलं नाही. वेबसाईट म्हटलं की मात्र शहाण्यासुरत्या माणसांना वाटतं की एक बटण दाबलं की सगळं इकडून तिकडं जातंय.

जातं, थोडंफार जातं. जुन्या साईटच्या साठ्यातून नव्यात मजकूर ओढून न्यायची स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, असते, हुशार पोरं ती लिहितात. पण जुन्या साईटवर एक पान म्हणजे एक गठ्ठा असतो, त्यातच मथळा, त्यातच तारीख, त्यातच फोटो, खाली कुणाचा तरी मोबाईल नंबर. नवीन सिस्टीमला हे सगळं वेगवेगळ्या रकान्यात पाहिजे असतं, मथळा इथं, दोन ओळींचा सारांश इथं, तारीख इथं, फोटोची ओळ इथं, विभाग कुठला ते इथं. त्या गठ्ठ्यातलं काय कुठल्या रकान्यात जाणार हे यंत्र निम्मंअर्धं ओळखतं, उरलेलं माणसानंच बसून करायचं. शिवाय वर्डमधून चिकटवलेला मजकूर आपल्याबरोबर इतका कचरा घेऊन येतो, कुठं अक्षर मोठं, कुठं निळं, कुठं तक्ता मोडलेला, की पुष्कळदा नव्यानं टाईप करणं परवडतं.

आणि आता आपल्या भागातली खरी डोकेदुखी, फॉन्ट. दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा आपला सगळा मराठी मजकूर श्रीलिपी, आकृती, कृतीदेव असल्या फॉन्टांत आहे, कन्नड असेल तर नुडी नाहीतर बरहमध्ये. दिसायला मराठी, पण आत कॉम्प्युटरच्या लेखी ती इंग्रजी कीबोर्डची अक्षरं. तो मजकूर नव्या सिस्टीममध्ये चिकटवला की नुसता चिवडा दिसतो, तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटर-मोबाईलवर सारख्याच चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत, बदलून घ्यावा लागतो. बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत, चांगले आहेत, मी रोज वापरते. पण जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाईप केलेली असते आणि युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर साठवतात, रफाराचं बरोबर उलटं, आधी नंतर होता तो आता आधी लागतो, त्यामुळं 'कार्यकर्ते' आणि 'निर्मिती' अशा शब्दांत कधी रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, कधी वेलांटी आधीच्या अक्षराला लागते. मजकुरात मधेच इंग्रजी नाव किंवा ईमेल पत्ता असला तर कन्व्हर्टर त्याचंसुद्धा देवनागरी करून टाकतो, वाचायला गंमत वाटते पण तो पत्ता कामातून गेला. आकडे पण हलतात. ठेवीवरचा व्याजदर चुकीचा गेला तर सभासद काउंटरवर येऊन भांडणार, आणि त्याचं तरी काय चुकलं. म्हणजे कन्व्हर्टर चालवायला दोन मिनिटं, आणि त्यानं काय केलंय ते बघायला अर्धा तास, हा हिशोब कायम डोक्यात ठेवायचा.

पीडीएफचं तर विचारू नका. अहवाल, नियमावली, प्रवेश अर्ज, सगळं पीडीएफ, त्यातलं निम्मं स्कॅन केलेलं, फायलीचं नाव 'फायनल नवीन २'. स्कॅन म्हणजे फोटोच, आत शोधता येत नाही, आणि ज्याला डोळ्यांनी दिसत नाही आणि जो स्क्रीन रीडरवर ऐकून वाचतो त्याच्यासाठी ते पान कोरंच असतं. सगळं पुन्हा टाईप करा असं मी म्हणत नाही, वीस वर्षांपूर्वीचा अहवाल कोण वाचतोय, त्याला नीट नाव द्या, वर्ष घाला, खाली चार ओळींत आत काय आहे ते साध्या मजकुरात लिहा, झालं. पण ज्या नियमावलीवर आजही कारभार चालतो आणि जो अर्ज आजही भरायचाय तो टाईपच करायला पाहिजे. कुठलं ठेवायचं, कुठलं सुधारायचं, कुठलं काढून टाकायचं हे ठरवायला संस्थेतलं जाणतं माणूस लागतं, ते डीटीपीवालीचं काम नाही आणि वेबसाईटवाल्याचं तर नाहीच नाही. त्या जाणत्या माणसाचा वेळ पण बजेटमध्ये धरायचा. पगारी असेल तर त्याची बाकीची कामं तेवढे दिवस दुसऱ्या कुणाकडं द्यायची, नाहीतर तो रात्री अकराला मला व्हॉट्सॲपवर 'ओके' पाठवतो आणि पान न वाचताच पाठवतो.

फोटोंबद्दल मला जरा जास्तच बोलायचंय. १९४६ साली माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली बेळगावात साहित्य संमेलन झालं, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव इथंच झाला, पुढं २००० साली य. दि. फडक्यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा झालं, २०१५ ला नाट्यसंमेलन झालं, शिवाय कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबऱ्याची ग्रामीण संमेलनं आहेतच. या सगळ्याचे फोटो कुणाच्या घरात, कुणाच्या वाचनालयात, कुणाच्या शाळेच्या कपाटात पडलेत. वेबसाईट नवीन करायची म्हटलं की सगळ्यांना हे फोटो आठवतात, 'आपला इतिहास टाकूया' म्हणतात, आणि मला पेनड्राईव्ह मिळतो. त्यात 'डीएससी ००४७' नावाची चित्रं, किंवा मागं पेन्सिलीनं नुसतं 'मान्यवर' लिहिलेल्या जुन्या प्रिंटचं स्कॅनिंग. कोण मान्यवर? डावीकडून तिसरे कोण? हे सांगणारी माणसं आता ऐंशीच्या पुढं आहेत, त्यांच्या घरी जाऊन, दुपारची झोप झाल्यावर, फोटो समोर धरून विचारावं लागतं, एकेका फोटोला एक अख्खी संध्याकाळ जाते कारण एका नावाबरोबर दहा गोष्टी निघतात, आणि निघाव्यातच, चहा घेतल्याशिवाय कुणी सोडत पण नाही. तेव्हा कुठं एक ओळ मिळते. ती ओळ नसेल तर तो फोटो टाकून उपयोग काय, पाहणाऱ्याला ती टोप्या घातलेल्या माणसांची एक रांग दिसते. या कामाला कुठल्याच कोटेशनमध्ये रकाना नाही.

भाषांचं सांगायचं तर आपल्याकडं एक साईट म्हणजे तीन साईट. मराठी पाहिजे कारण सभासद मराठी, कन्नड पाहिजे कारण सरकार दरबारी ती लागते आणि आपले कन्नड सभासदही आहेत, इंग्रजी पाहिजे कारण नातवंडं पुण्या-बेंगळुरात. मल्टिस्टेट, म्हणजे एकापेक्षा जास्त राज्यांत चालणारी, संस्था असेल तर निपाणीतली शाखा कर्नाटकात आणि गडहिंग्लजची महाराष्ट्रात, कागदपत्रांच्या याद्या वेगळ्या, म्हणजे तेच पान पुन्हा दोन प्रकारचं. यावर कमिटीतल्या तरुण मेंबरांचं उत्तर ठरलेलं, एआयला सांगूया, फुकटात भाषांतर. सांगा की, मी पण सांगते, कच्चा मसुदा झटपट मिळतो आणि पूर्वीपेक्षा पुष्कळच बरा मिळतो. पण तो वाचून बघणारा कन्नड आणि मराठी दोन्ही येणारा माणूस लागतोच, कारण मशीन चुकतं तेसुद्धा छान वळणदार भाषेत चुकतं, पटकन लक्षात येत नाही. 'मुदतपूर्व ठेव मोडल्यास' या वाक्यातलं मोडलं-न-मोडलं उलटं झालं की बसा कोर्टात.

बरं मग पैसे किती धरायचे. इथं मला कुणी दर विचारू नका, दर गावागावाला वेगळा असतो, पण हिशोब कसा करायचा ते सांगते. आधी जुनी साईट उघडून पानं मोजा, एका एक्सेलमध्ये एका ओळीत एक पान, पत्ता, विषय, शेवटी कधी बदललं, जबाबदार कोण. समजा ३०० पानं निघाली. प्रत्येकाचं काय करायचं ठरवायला पाच मिनिटं धरली तरी २५ तास झाले. त्यातली १०० काढून टाकायचं ठरलं (काढा हो, २०१३ च्या स्नेहसंमेलनाची सूचना कशाला पाहिजे), उरली २००. एक पान वाचणं, शुद्धलेखन, रकाने भरणं, फोटो लहान करणं, दुवे तपासणं, वर चढवणं आणि चढवल्यावर मोबाईलवर बघणं, सरासरी पाऊण तास म्हणा, ते झाले १५० तास. त्यातली ६० पानं कन्नडमध्ये करायची, भाषांतर आणि प्रूफ धरून दोन तासाला एक, १२० तास. बेरीज २९५. दिवसाला डोकं शाबूत ठेवून सहा तास काम होतं, म्हणजे एका माणसाचे जवळजवळ पन्नास दिवस, रविवार सोडून दोन महिने, यात इंग्रजी धरलं नाही, ते फोटो धरले नाहीत. आता तुमच्या गावच्या ताशी दरानं गुणा. आकडा बघून कमिटी दचकते, दचकू दे, सभेआधी दचकलेलं बरं.

हा पाऊण तास माझा अंदाज झाला, तुमचा तुम्ही काढायचा. वेगवेगळ्या जातीची पंधरा-वीस पानं निवडा, एखादं सोपं, एखादं तक्त्यांचं, एखादं जुन्या फॉन्टातलं, एखादं अर्ज असलेलं, आणि घड्याळ लावून ती खरोखर नव्या सिस्टीममध्ये टाकून बघा, मग जो वेळ लागेल त्यानं गुणा आणि वर थोडं जास्तीचं ठेवा. वेबसाईटवाल्याला हे आधी करू द्यायला सांगा, डिझाईन पक्कं व्हायच्या आधी. कारण मथळ्याची जागा एका ओळीची ठेवलेली असते आणि आपल्या संस्थांची नावं तीन ओळींची, हे पान टाकल्याशिवाय कळत नाही.

मधल्या काळाचा खर्च लोक धरतच नाहीत. नवीन साईट तयार होत असते तेव्हा जुनी चालूच असते, निकाल लागतात, सभेची नोटीस निघते, ते दोन्हीकडं टाकायला लागतं. गणपतीच्या दिवसांत तर सगळी फुकट मदत करणारी पोरं मंडपात, ती कुठली सापडतात. आणि 'पोरं करतील' हे जे गृहीत धरतात ना, त्यावर माझा विश्वास नाही. शाळेतल्या कॉम्प्युटरच्या सरांवर ढकलतात, सर बिचारे पेपर तपासत तपासत करतात. एका शिक्षण संस्थेची साईट (नाव नको) अशीच घाईत उघडली, मुख्याध्यापकांच्या मनोगताच्या जागी लॅटिनमधलं ते डिझाईनवाल्यांचं लोरेम इप्सम, नुसती जागा भरायला टाकलेला बिनअर्थाचा मजकूर, तसंच राहिलं होतं, बरेच दिवस होतं, मनोगत कुणी वाचत नाही म्हणून बोभाटा झाला नाही इतकंच.

अजून एक, जुने पत्ते. तुमच्या पानाचा दुवा कुणी व्हॉट्सॲपवर पाठवलेला असतो, गुगलला माहीत असतो, एखाद्या पत्रिकेवर छापलेला असतो. नवीन सिस्टीममध्ये पत्ता बदलला की तो दुवा मेला. जुन्या पत्त्यावरून नव्यावर आपोआप नेता येतं, त्याला ३०१ रिडायरेक्ट म्हणतात, पण कुठला जुना कुठल्या नव्यावर न्यायचा याची यादी माणसानंच करून द्यायची असते. वर सांगितलेल्या एक्सेलमध्ये एक कॉलम वाढवला की झालं, फार नाही. आणि ती यादी करताना एक नक्की सापडतं, कुठल्यातरी जुन्या पीडीएफमध्ये विद्यार्थ्यांची नावं, मोबाईल नंबर, जन्मतारखा, कधी आधार नंबरसुद्धा उघड्यावर पडलेले. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा आलाय, त्यामुळं असली पानं नव्या साईटवर न्यायचीच नाहीत, जुन्यावरूनही काढायची.

काम संपल्यावरचं पण धरा. नवीन साईट उघडली की पहिल्या वर्षी सगळे उत्साहात, दुसऱ्या वर्षी मागच्या वर्षीचीच सभेची नोटीस पहिल्या पानावर. महिन्याला काही तास मजकुरासाठी कुणाला तरी पैसे देऊन बांधून ठेवा, होस्टिंगचे देता तसेच दरवर्षी.

संपादक साहेब, तुमच्याच पेपरात संस्थांच्या टेंडर नोटिसा, कोटेशन मागवणाऱ्या जाहिराती येतात. ज्यांच्या ज्यांच्या येतील त्यांना माझी विनंती आहे की वेबसाईटचं कोटेशन मागवताना मजकुराचं वेगळं मागवा, मोजणी, युनिकोड करणं, लिहिणं, कन्नड, प्रूफ, फोटोच्या ओळी, वर चढवणं, प्रत्येकाचा दर आणि किती पानं, वेगवेगळ्या रकान्यात. एकाच माणसाला सगळं जमत नाही, जमतं म्हणणाऱ्याला दोन पानं करून दाखवायला सांगा. सभासदांनी सभेत ती नूतनीकरणाची ओळ आली की यातलं मजकुराला किती एवढंच विचारावं. आणि कन्नड मराठी दोन्ही वाचणारा मुद्रितशोधक आत्ताच बोलून ठेवा, आपल्या भागात ती माणसं थोडी आहेत आणि मार्च महिन्यात ती सगळी अहवालांत अडकलेली असतात.

कळावे,
आपली नम्र,
एक डीटीपीवाली, शहापूर-बेळगाव
(नाव छापू नये, यातल्या निम्म्या संस्थांची कामं माझ्याकडंच येतात)